मद्यासक्ती, महसूल आणि मोबाइल

राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने औषधी उपयोगाचा अपवाद सोडून मादक पेयांच्या सेवनास बंदी घालण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. त्याच राज्याच्या तिजोरीत मद्यावरील उत्पादन शुल्कातून दरवर्षी वीस हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमा होते. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने देशात तयार होणाऱ्या विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादनमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटीपर्यंत वाढविण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यातून व अन्य बदलांतून चौदा हजार कोटी रुपयांची जादा प्राप्ती अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. घटनेतील कर्तव्य आणि अर्थसंकल्पातील प्राप्ती यांच्यातील हा विसंवाद नवा नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यापासून तो चालत आला आहे. त्या कायद्याने परवान्याशिवाय मद्य पिणे आजही गुन्हा आहे आणि परवाना मात्र दुकानाच्या काउंटरवर मिळतो, ही गोष्ट आता विनोदाचाही विषय उरलेली नाही.

दारूबंदी असावी की नसावी हा वाद महाराष्ट्राला परिचित आहे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आता पाठ झाले आहेत. परंतु या वादात एक माणूस नेहमी मागे राहतो. बंदी असो वा नसो, ज्याला पिणे आवरत नाही आणि जो ते थांबवू इच्छितो, त्याने जावे कोठे, हा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर आजवर फारच थोड्यांपर्यंत पोहोचले आहे. मोबाइलच्या साहाय्याने दिल्या जाणाऱ्या मानसोपचाराने ते अधिकांपर्यंत पोहोचविता येईल, अशी शक्यता गेल्या काही वर्षांतील संशोधनाने निर्माण केली आहे. तिचा गांभीर्याने विचार व्हावयास हवा.

अडतिसांतला एक

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करविलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, देशातील दहा ते पंचाहत्तर वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्य घेतात. त्यांची संख्या सुमारे सोळा कोटी भरते. यांपैकी सर्वांना उपचाराची गरज नाही. परंतु ज्यांचे पिणे अपायकारक पातळीवर गेले आहे किंवा जे पूर्णतः त्याच्या आहारी गेले आहेत, अशांचे प्रमाण ५.२ टक्के म्हणजे पाच कोटींच्या वर आहे. मद्याच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी केवळ एकाला कोणत्या तरी स्वरूपाचा उपचार मिळाल्याचे या पाहणीत आढळले. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेला मनुष्य तर १८० जणांत एक निघाला. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीतही मद्यविकारग्रस्तांपैकी सुमारे ८६ टक्के लोक उपचाराविना असल्याचे दिसून आले.

महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार पंधरा वर्षांवरील १३.९ टक्के पुरुष मद्य घेतात. शेजारच्या गोव्यात हेच प्रमाण ३६.९ टक्के आहे. महाराष्ट्राचा आकडा तुलनेने लहान आहे म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही, कारण मद्याची झळ पिणाऱ्यापुरती मर्यादित राहत नाही. ज्यांचे पती वारंवार नशेत असतात अशा स्त्रियांपैकी सुमारे सत्तर टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली असल्याचे हीच पाहणी सांगते. पती मद्य घेत नाही अशा स्त्रियांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के आहे. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, म्हणजे व्यवहार एकाचा आणि किंमत दुसऱ्याने मोजायची, त्याचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

उपचार न मिळण्याची कारणे केवळ अज्ञान किंवा लाज एवढीच नाहीत. मोरव्याचे उदाहरण घ्यावे. भाईंदर पश्चिमेकडून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मुर्धा, राई, मोरवा ही एकेकाळची मिठागरांची, शेतीची आणि मासेमारीची गावे आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेत आहेत. तेथील माणूस आता भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या कारखान्यात, मुंबईच्या कचेरीत, रिक्षात किंवा टेम्पोवर असतो. पहाटे निघून रात्री परतणाऱ्या या माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात जावयाचे तर काय पडेल? पुण्याच्या मुक्तांगण केंद्राने १९८६ पासून हजारो संसार सावरले. डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने उभारलेल्या या संस्थेचे ऋण महाराष्ट्र विसरू शकत नाही. परंतु तेथील उपचार पस्तीस दिवस राहून घ्यावयाचा असतो. कंत्राटी कामगाराची पस्तीस दिवसांची गैरहजेरी म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे होय. रोजंदारीवरच्या माणसाला उपचाराची खरी किंमत शुल्कात नसून बुडालेल्या मजुरीत मोजावी लागते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली मानसिक आरोग्य संस्था याच जिल्ह्यात आहे. पण मोरव्याहून ठाण्याला दर आठवड्याला जाणे-येणे म्हणजे अर्धा दिवस गेलाच. शिवाय असा अर्धा दिवस मागताना मालकाला कारण कोणते सांगावयाचे?

सकाळचा माणूस, संध्याकाळचा माणूस

मद्यासक्तीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी समाजात रूढ आहेत. एक ती चारित्र्याची दुर्बलता मानते, दुसरी तिला शरीराचा रोग समजते. अर्थशास्त्रज्ञांनीही यावर विचार केला आहे. गॅरी बेकर व केव्हिन मर्फी यांनी १९८८ मध्ये असा सिद्धांत मांडला की व्यसनी माणूसही पुढचा-मागचा हिशेब करूनच व्यसन करतो. थॉमस शेलिंग यांची दृष्टी अधिक मानवी होती. एकाच माणसात जणू दोन माणसे नांदतात, एक शपथ घेणारा आणि दुसरा ती मोडणारा, आणि त्यांच्यात सतत झगडा चालतो, असे त्यांचे म्हणणे. ज्या घरात सकाळी देवासमोर घेतलेली शपथ संध्याकाळी स्टेशनबाहेर मोडली जाते, त्या घरातील कोणालाही शेलिंग यांचे म्हणणे समजावून सांगावे लागणार नाही.

इंग्रजीत कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मराठीत जिला विचार-वर्तन उपचार म्हणता येईल अशा पद्धतीचा रोख नेमका या झगड्यावर आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात आणि ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात तिचा पाया घातला. एलिस यांचा विचार मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी भारतात रुजविला आणि 'विवेकनिष्ठ' हे विशेषण मराठी वाचकाला परिचित झाले. त्यामुळे ही पद्धत मराठी समाजाला सर्वस्वी परकी नाही. घटना माणसाला थेट वर्तनाकडे ढकलत नाही, मध्ये विचार असतो, आणि तो विचार तपासून बदलता येतो, हे तिचे मूळ सूत्र आहे.

मद्याच्या बाबतीत हे सूत्र असे लागू पडते. पगाराचा दिवस आहे, भाईंदरला गाडीतून उतरताच नेहमीचे दोघे मित्र भेटतात, अंग शिणलेले आहे. मनात विचार येतो, "एवढे राबलो, एक घेतली तर काय बिघडले?" उपचारात त्या माणसाला प्रथम स्वतःच्या पिण्याचा नकाशा काढावयास शिकविले जाते. कोणता वार, कोणती जागा, कोणती सोबत, कोणता राग किंवा कोणता कंटाळा आपल्याला ग्लासाकडे नेतो, हे त्याने लिहून काढावयाचे. त्यानंतर "एकच घेतो" या वाक्याची छाननी करावयाची. गेल्या दहा वेळा ती एक किती झाली होती? ओढ अनावर वाटली तरी ती चढते आणि ओसरतेही, तेवढा वेळ निभावून नेता येतो, हे त्याने स्वतः अनुभवून पाहावयाचे. मित्राला मैत्री न तोडता नाही कसे म्हणावे, पगार घरी पोहोचण्याची व्यवस्था आधीच कशी लावावी, रिकामी संध्याकाळ कशाने भरावी, याचा प्रत्यक्ष सराव करावयाचा. शपथ निश्चयावर भिस्त ठेवते, हा उपचार तयारीवर ठेवतो.

यातील आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. ॲलन मार्लेट व ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, संयमानंतर एकदा घसरणे आणि पुन्हा व्यसनात पूर्ण बुडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे दुसरीत रूपांतर होते ते "आता सगळे संपलेच" या विचारामुळे. आपल्या समाजात माळ घातलेला, शपथ घेतलेला माणूस एकदा घसरला की घरचे, शेजारचे आणि तो स्वतःही त्याला कायमचा बाद ठरवितात. म्हणून घसरण हा प्रवासातला खड्डा आहे, प्रवासाचा शेवट नव्हे, हे शिकविणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.

ही पद्धत एकमेव किंवा सर्वश्रेष्ठ आहे, असे मात्र नव्हे. १९९७ मध्ये अमेरिकेत सतराशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात विचार-वर्तन उपचार, प्रेरणावर्धक उपचार आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांवर आधारित उपचार हे तिन्ही जवळजवळ सारखेच उपयुक्त ठरले. ज्या माणसाला सामूहिक प्रार्थनेतून आणि सहकंप पावणाऱ्या मित्रांतून बळ मिळते, त्याने त्या वाटेने जावे. विचार-वर्तन उपचाराचे वैशिष्ट्य असे की तो पायऱ्यांत मांडता येतो, पाठांत विभागता येतो. म्हणूनच तो तज्ज्ञाखेरीज इतरांनाही शिकविता येतो आणि यंत्रावरही चढविता येतो.

गोव्याचा धडा

यातील पहिली शक्यता गोव्यात सिद्ध झाली आहे. संगथ या गोमंतकीय संस्थेने, डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक प्रमाणात मद्य घेणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये छापून आले. निम्म्यांना केंद्रातील डॉक्टरांचा नेहमीचा, थोडा सुधारलेला उपचार मिळाला. उरलेल्या निम्म्यांना त्याच्या जोडीला समुपदेशन मिळाले. हे समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधर असण्याचीही अट नव्हती. ती स्थानिक, निवडून प्रशिक्षित केलेली सामान्य माणसे होती. भेटी जास्तीत जास्त चार, प्रत्येक भेट अर्ध्या ते पाऊण तासाची. आपल्या संभाषणाच्या ध्वनिफिती ऐकून हे समुपदेशक एकमेकांच्या कामाची पारख करीत.

तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोक अपायकारक पातळीच्या खाली आले होते. इतरांत हे प्रमाण २६ टक्के होते. मागील चौदा दिवसांत अजिबात मद्य न घेतलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४२ व १८ टक्के निघाले. बारा महिन्यांनंतरही परिणाम टिकून राहिला, किंबहुना पातळीखाली आलेल्यांचे प्रमाण ५४ विरुद्ध ३२ टक्के झाले. चार भेटींच्या उपचारासाठी हे यश लहान नव्हे.

परंतु या प्रयोगाचा दुसरा निष्कर्षही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. पत्नीला होणाऱ्या मारहाणीत तीन महिन्यांच्या तपासणीत लक्षणीय फरक आढळला नाही. जे पीतच राहिले, त्यांच्या रोजच्या प्रमाणातही घट दिसली नाही. दारू सुटली की घरातले सारे काही आपोआप सुरळीत होते, ही समजूत यामुळे तपासून पाहावी लागते. हिंसेचे मूळ केवळ बाटलीत नसते. तिच्यासाठी कायद्याचे संरक्षण आणि स्त्रीच्या हाती स्वतंत्र आधार हवाच.

यंत्राला काय जमते

दुसरी शक्यता यंत्राची. अमेरिकेतील येल विद्यापीठात कॅथलीन कॅरॉल यांनी विचार-वर्तन उपचार संगणकावर आणण्याचे काम केले आणि २००८ मध्ये त्याची पहिली चाचणी प्रसिद्ध केली. त्यांच्या पद्धतीत सात पाठ असतात. प्रत्येक पाठात एक छोटी चित्रकथा दिसते. तीतील पात्र मोहाच्या प्रसंगी घसरते. नंतर कौशल्य समजावून सांगितले जाते आणि तीच कथा पुन्हा, त्या पात्राने ते कौशल्य वापरले असता काय घडले असते, अशा स्वरूपात दाखविली जाते. कीर्तनातील पूर्वरंग आणि उत्तररंग ऐकलेल्या समाजाला ही रचना अवघड वाटू नये. २०२४ मध्ये त्याच विद्यापीठातील संशोधकांनी मद्यविकार असलेल्या ९९ प्रौढांवरील चाचणीचे निष्कर्ष मांडले. एका गटाला नेहमीचा उपचार, दुसऱ्याला तज्ज्ञाने समोरासमोर दिलेला विचार-वर्तन उपचार आणि तिसऱ्याला यंत्राद्वारे तोच उपचार, अशी विभागणी होती. उपचाराचा काळ आठ आठवड्यांचा आणि त्यानंतर सहा महिने पाठपुरावा होता. मद्याविना गेलेल्या दिवसांच्या प्रमाणात यंत्राच्या गटाची वाढ नेहमीच्या उपचाराच्या गटाहून अधिक ठरली.

येथे एक बारकावा निसटू देता कामा नये. या गटातील लोकांना केवळ यंत्राच्या हवाली करून सोडलेले नव्हते. दर आठवड्याला एक प्रशिक्षित माणूस थोडा वेळ त्यांची विचारपूस करीत होता. शिवाय ९९ ही संख्या लहान आहे आणि चाचणी परदेशातली आहे. तेव्हा या निष्कर्षाला दिशादर्शक मानावे, अंतिम नव्हे.

केंद्रातून बाहेर पडल्यानंतरच्या काळासाठीही यंत्राचा उपयोग तपासला गेला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील दुसऱ्या एका अभ्यासात, निवासी उपचार संपवून घरी जाणाऱ्या ३४९ रुग्णांपैकी निम्म्यांना एक मोबाइल प्रणाली दिली गेली. ती ओढ लागल्यास मदतीचे बटण पुरवी, सोबत्यांशी जोडून देई आणि जुन्या गुत्त्याच्या परिसरात पाऊल पडताच सावधही करी. त्या गटातील लोकांचे महिन्यातील धोकादायक पिण्याचे दिवस सरासरीने १.३९ भरले, इतरांचे २.७५. उपचारानंतरचे पहिले काही महिने सर्वांत घसरडे असतात, हे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील प्रत्येक कार्यकर्ता जाणतो. भारतातही या दिशेने पाऊल पडले आहे. संगथनेच गोव्यात मोबाइल संदेशांद्वारे मद्यपान कमी करण्याचा उपक्रम घडवून त्याची चाचणी केली आहे. केंद्र शासनाची टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. म्हणजे पाया काही अंशी घातला गेला आहे, त्यावर मजला चढवावयाचा आहे.

मर्यादांचे भान

नव्या यंत्राविषयी भोळा उत्साह बाळगण्यात धोका आहे. दीर्घकाळ आणि मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर कंप, झटके, भ्रम यांपासून मृत्यूपर्यंतची संकटे ओढवू शकतात. अशा माणसाला प्रथम रुग्णालयाची आणि औषधांची गरज असते. भाईंदर पश्चिमेत पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. कोणतीही मोबाइल प्रणाली वापरण्यापूर्वी काही सोप्या प्रश्नांनी रुग्णाची पारख व्हावी आणि धोक्यातील रुग्ण थेट अशा रुग्णालयाकडे पाठविला जावा, ही पहिली अट असली पाहिजे. आत्महत्येचे विचार मनात घोळत असलेल्या माणसालाही यंत्राशी एकटे सोडता येणार नाही.

दुसरी मर्यादा भाषेची आहे. पुस्तकी मराठीत भाषांतरित केलेले पाठ मोरव्याच्या आगरी किंवा उत्तनच्या कोळी माणसाला उपदेशासारखे वाटतील. हळदीच्या रात्री पाहुण्यापुढे बाटली ठेवण्याची चाल, दर्यावरून परतल्यावरचा शीण, मिठागर गेल्यानंतर हाताला न उरलेले काम, जमिनीच्या पैशांतून आलेली अचानक सुबत्ता, हे प्रसंग त्या कथांत हवेत. हळदीतील दारू बंद करावी असा आग्रह आगरी समाजातील सुधारकांनीच धरला आहे, हेही त्या कथांत यावे. उंच इमारतींतील सुशिक्षितांच्या शनिवारच्या मैफलींनाही तेथे जागा हवी. पिणे हा एका जातीचा किंवा एका वस्तीचा दोष आहे, असा सूर चुकूनही लागता कामा नये.

तिसरी मर्यादा गुप्ततेची. कोण किती पितो ही माहिती विमा कंपनीच्या, मालकाच्या किंवा मद्यविक्रेत्याच्याच हाती पडली तर काय होईल, याची कल्पना करणे कठीण नाही. चाळीतल्या घरात मोबाइलही बहुधा सामाईक असतो. देशातील केवळ ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरावयाचा मोबाइल असल्याचे कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. तेव्हा पत्नीसाठी, आईसाठी असलेली मदत केवळ यंत्रावर ठेवणे अन्यायाचे होईल. तिच्यासाठी समोर बसून ऐकणारी बाई हवी.

हिशेब

या सगळ्याला किती खर्च येईल, हा प्रश्न अर्थखात्याकडून येणारच. त्याचा एक ढोबळ हिशेब मांडता येतो. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या थोडी वर होती. त्यांपैकी साडेसहा लाख माणसे दहा ते पंचाहत्तर वयोगटात धरली आणि उपचाराची गरज असणाऱ्यांचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या निम्मे मानले, तरी सुमारे सतरा हजार माणसांचा प्रश्न उभा राहतो. गोव्याच्या पद्धतीने चार भेटींचे तीन तास प्रत्येकाला द्यावयाचे झाले, तर वर्षातील अडीचशे दिवस रोज पाच तास काम करणारा एक समुपदेशक सुमारे चारशे जणांना पुरा पडेल. शिकविण्याचे काम मोबाइलवरील पाठांनी केले आणि समुपदेशकाने आठ आठवडे दर आठवड्याला दहा मिनिटे विचारपूस केली, तर तोच समुपदेशक नऊशेहून अधिक जणांना पुरेल. सतरा हजार माणसे एका वर्षात येणार नाहीत हे उघड आहे, परंतु प्रमाण लक्षात यावे. यंत्र माणसाची जागा घेत नाही, ते माणसाचा वेळ दुप्पट करते.

यंत्रावरील उपचाराचे अर्थशास्त्र पुस्तकाच्या छपाईसारखे आहे. पहिल्या प्रतीचा खर्च मोठा, पुढच्या प्रतींचा नगण्य. मराठीत उत्तम पाठ एकदा तयार झाले की मोरव्यात आणि मेळघाटात त्यांचा जादा खर्च जवळजवळ शून्य. पण नेमक्या याच कारणामुळे खासगी उद्योजकाला त्यात फारसा रस नसतो. ज्याची गरज मोठी त्याच्या खिशात पैसा नाही, आणि ज्याचा लाभ होतो त्या पत्नीकडून, मुलांकडून, शेजाऱ्यांकडून शुल्क घेता येत नाही. अशा सेवा बाजारावर सोडल्या तर एक तर निर्माणच होत नाहीत किंवा श्रीमंतांपुरत्या निर्माण होतात. हा सार्वजनिक खर्चाचाच विषय आहे.

तो खर्च कोठून यावा, याचे उत्तर तिजोरीतच आहे. मद्यावरील उत्पादन शुल्काचा अवघा एक टक्का वेगळा काढला तरी वर्षाला दोनशे कोटी रुपयांहून अधिक रक्कम हाती येते. करवाढीने पिणे काहीसे घटते हे खरे, पण जो आहारी गेला आहे तो बाटली महाग झाली म्हणून पिणे सोडत नाही. तो घरखर्चाला कात्री लावतो किंवा स्वस्त आणि विषारी पर्यायाकडे वळतो. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत गावठी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले, हे भाईंदरपासून काही स्थानकांच्या अंतरावर घडले होते. त्या माणसाकडून वाढीव कर वसूल करावयाचा आणि त्याच्या उपचाराची वाट मात्र बंद ठेवावयाची, याला न्याय म्हणता येणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्याच्या गैरवापराशी निगडित मनोविकारांचा समावेश मानसिक आजारात केला आहे आणि उपचाराचा हक्क मान्य केला आहे. त्या हक्काला निधीची जोड नसेल तर तो राजपत्रातच राहील.

प्रारंभ लहान करावा. एका शहरात, म्हणजे मीरा-भाईंदरसारख्या मध्यम आकाराच्या महापालिकेत, दोन वर्षांचा प्रयोग हाती घ्यावा. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत स्थानिक, सवेतन समुपदेशक नेमावेत. आधीच कामाने वाकलेल्या आशा सेविकांवर हे ओझे टाकू नये. मुक्तांगण, मानसिक आरोग्य संस्था आणि संगथ यांच्या अनुभवातून मराठी पाठ तयार व्हावेत. रुग्णाचे नाव नोंदविल्याखेरीज उपचार सुरू करता यावा. समुपदेशकाची वेळ रात्री आठनंतरची असावी, कारण मोरव्याचा माणूस त्याआधी घरी पोहोचत नाही. काही केंद्रांत केवळ समुपदेशक, काहींत समुपदेशक आणि मोबाइल अशी विभागणी करून निकाल प्रामाणिकपणे मोजावेत आणि ते फसले तर फसले असे जाहीर करावे. मद्यावरील धोरण महाराष्ट्राने आजवर महसुलाच्या किंवा नीतीच्या आग्रहातून ठरविले. पुराव्याच्या आधारे ते ठरविण्याची ही संधी आहे.

सरकार प्रत्येक बाटलीवर शुल्काची मोहर उमटवते आणि तिची नोंद चोखपणे ठेवते. त्या बाटलीपासून सुटू पाहणाऱ्या माणसाची नोंद मात्र कोठेही होत नाही. पहिल्या नोंदवहीतून येणाऱ्या शंभर रुपयांतील एक रुपया दुसऱ्या नोंदवहीसाठी खर्च करणे ही राज्याची उदारता ठरणार नाही. घटनेने सांगितलेल्या कर्तव्याचा तो सर्वांत लहान हप्ता ठरेल.